‘राउंड’ आणि ‘फॉरमॅट’ दोन्ही ‘पूर्णांकन’?

पंचवटीकर: कांद्याच्या हिशोबपट्टीच्या प्रोग्रामची माहितीपुस्तिका मराठीत करतोय. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या क्वेरीत, म्हणजे माहिती मागवायच्या आज्ञेत, ‘राउंड’ही आहे, ‘फॉरमॅट’ही. आधीच्या अनुवादात दोन्हीकडे ‘पूर्णांकन’ आलंय, ते मला पटत नाही. १२३४५६७.८९१ दोन स्थळांपर्यंत राउंड केली की १२३४५६७.८९ मिळते, ती संख्याच. फॉरमॅटला भारतीय पद्धत सांगितली की १२,३४,५६७.८९ मिळतं, पण तो मजकूर. त्यावर चढता क्रम लावला तर १,२५०.०० हा दर ९५०.०० च्या आधी येतो, कारण तुलना अक्षरांची होते. वेगळे शब्द सुचवा.

गंगाघाट: ‘पूर्णांकन’ राउंडलाही चूकच. दोन दशांश ठेवायचे आणि नाव पूर्णांकाचं? शाळेतलं ‘दोन दशांश स्थळांपर्यंत’ पुरेसं आहे. फॉरमॅटला ‘स्वरूपण’ म्हणा.

द्राक्षबाग: स्वरूपण कोणाला कळणार? लासलगावला पट्टी करणारा ‘राउंड कर’ म्हणतो, तेच लिहा. नाशकात आपण गोदावरीला गंगाच म्हणतो ना? वापरात आहे तोच शब्द खरा.

गंगाघाट: गंगेचं उदाहरण इथे लागत नाही. नाव काही घ्या, नदी तीच. इथे दोन वेगळ्या क्रिया एका नावाखाली गेल्यात, त्यात शेतकऱ्याची पट्टी चुकेल.

सिडकोवासी: फॉरमॅटही आकडा राउंड करूनच देतं, हे विसरू नका. म्हणजे फरक एवढाच, की एकीकडे संख्या हाती येते, दुसरीकडे मजकूर. मी ‘मांडणी’ म्हणेन.

द्राक्षबाग: मांडणी चालेल. पण पट्टीवरचं १२.५० वाचायचं कसं? मुलगा ‘बारा पॉइंट पन्नास’ म्हणतो, त्याचे सर ‘बारा पूर्णांक पाच दशांश’.

जुनी पावली: साडेबारा! १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, रुपयाचे १६ आणे जाऊन १०० पैसे झाले, तरी आमची आजी २५ पैशांना शेवटपर्यंत पावलीच म्हणायची. सव्वा, दीड, अडीच ही आपली पावापावाची मोजणी. दशांश पुस्तकातून आला.

गंगाघाट: पुस्तकातून आला म्हणून परका कसा? दश आणि अंश, दोन्ही आपलेच. आणि १२.४५ ला काय म्हणाल?

जुनी पावली: साडेबाराला पाच पैसे कमी. बाजारात कोणालाही विचारा.