केनियाला जायचंय, यलो फीवरची लस कधी घ्यायची?

भटकी_सई: ऑगस्टमध्ये मसाई मारा, सोबत सासूबाई (वय ६४). टूरवाला म्हणतो लस शेवटच्या आठवड्यात घेतली तरी चालेल, खरंय का?

डोंबिवलीकर: अजिबात नाही! सर्टिफिकेट लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं. आणि ही कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, अपॉइंटमेंट आधीच बघा, पासपोर्ट न्या, पिवळ्या पुस्तिकेवर (तेच ते लसीचं सर्टिफिकेट) शिक्का नीट मारलाय ना तिथेच बघून घ्या कारण परत येताना मुंबई एअरपोर्टवर तीच मागतात, नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन, मग बसा. एकदा घेतली की आयुष्यभर चालते, २०१६ पासून १० वर्षांची अट गेली.

माई_नाशिक: सासूबाईंचं आधी डॉक्टरांना विचार गं. जिवंत विषाणूची लस आहे, साठीनंतर जपून देतात. अंड्याची ॲलर्जी असेल तर तेही सांग.

भटकी_सई: बापरे, हे कुणी बोललंच नाही. थँक्यू माई! मलेरियाचं काय?

डोंबिवलीकर: त्याच्या गोळ्या वेगळ्या, निघायच्या आधी सुरू करायच्या आणि परत आल्यावरही कोर्स पुरा करायचा. लोक घरी आले की सोडून देतात. संध्याकाळी फुल बाह्या, ओडोमॉस हवंच.