सिंगापूर: शुक्रवार-शनिवारी जुनी देवळं, मशिदी, चर्च आणि सिनेगॉग कसं बसवावं?

प्रश्न — रानवाट

सिंगापुरात दोन मोकळे दिवस आहेत, शुक्रवार आणि शनिवार. मॉल आणि बागा नकोत, एकोणिसाव्या शतकातली प्रार्थनास्थळं नीट बघायची आहेत. यादीत श्री मरिअम्मन मंदिर, थिआन हॉक केंग हे चिनी मंदिर, सुलतान मशीद, आर्मेनियन चर्च, सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल आणि वॉटर्लू स्ट्रीटवरचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आहे. सोबत सासू-सासरे आहेत. दोघांचेही गुडघे दुखतात, पण सावकाश चालतात. क्रम काय ठेवावा? कपडे, चपला, फोटो यांचं काय? आत जाऊन नेमकं काय बघायचं, तेही सांगा.

उत्तर — पायवाट

तुमचे वारच अडचणीचे आहेत, म्हणून आधी वाराचं बोलू. सुलतान मशीद शुक्रवारी पर्यटकांसाठी बंद असते. इतर दिवशी साधारण १० ते १२ आणि २ ते ४ या वेळात आत सोडतात. सिनेगॉग शनिवारी बघायला मिळणार नाही, कारण तो त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीचा पवित्र दिवस. म्हणजे सुलतान मशीद शनिवारी सकाळी, हे पक्कं धरा आणि बाकी सगळं त्याभोवती बसवा.

शुक्रवार: सकाळी आठच्या सुमारास तेलोक आयर स्ट्रीट. १८८०च्या दशकात भराव घालण्याआधी समुद्र या रस्त्यापर्यंत होता. जहाजातून उतरलेला माणूस सुखरूप पोचल्याबद्दल आधी इथेच हात जोडायचा. त्यामुळे थिआन हॉक केंग (१८३९ ते ४२, समुद्रदेवता माझूचं), नागोर दर्गा (१८२८ ते ३०) आणि अल-अब्रार मशीद रस्त्याच्या एकाच बाजूला, हाकेच्या अंतरावर उभी आहेत. चीनमधल्या फुच्यान प्रांताचे खलाशी आणि तमिळ मुसलमान व्यापारी दोघांचाही धक्का एकच होता. समुद्र दिसत नसल्यामुळे हे लक्षात येत नाही. म्हणून आत जाण्याआधी रस्त्याच्या पलीकडे उभे राहा आणि आपण पाण्यात आहोत असं समजून तिन्ही दर्शनी भाग बघा.

साडेनऊला तिथून निघा. श्री मरिअम्मन साउथ ब्रिज रोडवर आहे, चालत दहा-बारा मिनिटं, सासू-सासऱ्यांच्या चालीने वीस धरा. हे देऊळ दुपारी १२ ते संध्याकाळी ६ बंद असतं. सगळ्यांची फसगत इथेच होते. लोक नकाशा बघून आधी चायनाटाउनचा बाजार करतात आणि साडेबाराला बंद दारापाशी येतात. शेजारची जामे मशीदही त्याच फेरीत बघा, पण साडेअकराच्या आत. जुम्म्याची नमाज एकच्या सुमारास असते. बारानंतर आवार भरत जातं आणि तेव्हा बाहेरच्यांनी मध्ये घोटाळणं बरं नाही.

दुपारी विश्रांती. चारनंतर सेंट अँड्र्यूज आणि जमलं तर आर्मेनियन चर्च. दोन्ही सिटी हॉल मेट्रोच्या बाजूला आहेत. बंद व्हायची वेळ आदल्या दिवशी त्यांच्या साइटवर बघून ठेवा.

शनिवार: सकाळी नऊला वॉटर्लू स्ट्रीट (तिथलं क्वान इम हे चिनी मंदिर आणि शेजारचं श्रीकृष्ण मंदिर), नंतर चालत किंवा टॅक्सीने सुलतान मशीद. तिथे पावणेअकरापर्यंत पोचलात तर घाई होणार नाही.

उत्तर — कळस

कपड्यांचं एकच लक्षात ठेवा: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सुलतान मशिदीत अंगरखे मोफत देतात, पण दमट हवेत कपड्यांवर आणखी एक थर चढवण्यापेक्षा स्वतःचेच लांब सुती कपडे बरे. पर्यटकांनी मुख्य दालनातल्या गालिच्यावर जायचं नसतं, कडेने बघायचं.

चपलांबाबत मराठी माणसाची उलटी गल्लत होते. चिनी मंदिरात चपला काढायच्या नसतात. काढून बाहेर ठेवल्यात तर अगरबत्तीच्या राखेतून चालावं लागेल. हिंदू मंदिरात आणि मशिदीत मात्र काढायच्याच. सिंगापूर विषुववृत्ताजवळ आहे, उघड्या आवारातली फरशी अकरानंतर चटके देते. म्हणून मोजे आणि चपलांसाठी एक कापडी पिशवी जवळ असू द्या. गुडघेदुखी असलेल्यांना वाकून नाडी सोडणं त्रासाचं असतं, त्यामुळे बुटांपेक्षा बेल्टच्या सँडल सोयीच्या.

चिनी मंदिराचा उंबरा चांगला उंच असतो. त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं. सासूबाईंना हात द्या. मधलं दार देवांचं, माणसांनी बाजूच्या दारांनी जायचं: देवळाकडे तोंड केल्यावर उजव्या हाताला येणाऱ्या दाराने आत, डाव्या हाताला येणाऱ्या दाराने बाहेर.

फोटोचं प्रत्येक ठिकाणी वेगळं. मरिअम्मनच्या गाभाऱ्याकडे कॅमेरा रोखू नका. वॉटर्लू स्ट्रीटवरच्या क्वान इम मंदिरात आत फोटोला मनाई आहे. तिथली इमारत १९८२ची आहे, त्यामुळे जुनं बांधकाम शोधत जाऊ नका. तिथे बघायचं ते असं: चिनी भाविक तिथून निघून शेजारच्या श्रीकृष्ण मंदिरासमोरही (१८७०) अगरबत्ती लावतात. ते अवश्य बघा, पण माणसांच्या चेहऱ्यावर कॅमेरा नको.

उत्तर — चुनखडी

आत काय बघायचं, यावर थोडं.

जामे मशिदीचं प्रवेशद्वार रस्त्याला समांतर आहे, पण आतलं प्रार्थना-दालन तिरकं बसवलंय, कारण त्याला मक्केकडे तोंड करायचं होतं. दोन मनोऱ्यांच्या मध्ये उभं राहून आत बघितलं की हा कोन जाणवतो. शहराच्या आखणीत प्लॉट मिळाला सरळ आणि किब्ला (मक्केची दिशा) निघाला तिरका. तो पेच गवंड्यांनी कसा सोडवला, हे पुस्तकापेक्षा तिथे उभं राहून लवकर कळतं.

सुलतान मशिदीची आजची इमारत १९३२ची, वास्तुकार डेनिस सँट्री. सोनेरी घुमटाच्या खाली काळा पट्टा दिसेल. ती नक्षी नाही, काचेच्या बाटल्यांचे बूड आहेत. गरीब मुसलमानांनाही बांधकामाला हातभार लावता यावा म्हणून ते त्यांच्याकडून घेतले होते. खालून नीट दिसत नाहीत, छोटी दुर्बीण असेल तर न्या.

सेंट अँड्र्यूज १८५६ ते ६१ दरम्यान बांधलं गेलं. मजूर होते हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठवलेले कैदी. भारतीयांनी हे ठाऊक ठेवून आत जावं असं मला मनापासून वाटतं. मूळ गिलावा मद्रासी चुन्याचा: शिंपल्यांचा चुना, अंड्यातलं पांढरं आणि साखर यांचा लगदा, त्यात नारळाची सोडणं भिजवलेलं पाणी. वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटून चकाकी आणायची.

आर्मेनियन चर्च (१८३५, वास्तुकार जॉर्ज कोलमन) बाहेरून चौकोनी वाटतं, आतलं दालन गोल आहे. आवारात अ‍ॅग्नेस जोकिमची समाधीशिळा आहे. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल झालेलं ऑर्किड तिच्याच नावाने ओळखलं जातं.

प्रश्नकर्ता — रानवाट

सिनेगॉग मग सोडूनच द्यायचं का? आणि सासऱ्यांना फार चालवलं नाही, तर काय गाळावं?

उत्तर — पायवाट

ते सिनेगॉग, मागेन अबोथ (१८७८), आत बघायचं तर आधी परवानगी लागते. काही दिवस आधी लिहून विचारा, पासपोर्ट आणि बॅगांची तपासणी होईल हे धरून चला. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ सुरू होतो, म्हणून फार तर शुक्रवारी सकाळची वेळ मागता येईल, आणि ती मिळाली तर तेलोक आयर आणि मरिअम्मन एकाच सकाळी बसणार नाहीत. माझं मत, या खेपेला ते बाहेरूनच बघा. पुरुषांना आत डोकं झाकावं लागतं, हे पुढच्या खेपेसाठी.

गाळायचं तर सेंट अँड्र्यूज किंवा आर्मेनियन यांपैकी एक गाळा, तेलोक आयर गाळू नका. शनिवारी सुलतान मशिदीनंतर अंगात त्राण उरलं, तर टॅक्सीने बीच रोडवरची हज्जा फातिमा मशीद गाठा. १८४६ची, मलाक्काच्या एका धनाढ्य बाईने बांधवलेली. तिचा मनोरा चर्चच्या शिखरासारखा दिसतो आणि साधारण सहा अंशांनी कललेला आहे. कल बघायला आत जावं लागत नाही, रस्त्यावरूनच दिसतो.