मदत हवी आहे: टीबीच्या इम्युनॉलॉजीवर (म्हणजे प्रतिकारशक्तीच्या अंगाने) थिसिस, कोल्हापुरात बसून जमेल का?

मंडळी, मी कोल्हापुरात पल्मनरी मेडिसिनमध्ये (फुप्फुसविकार) एमडी करतोय. थिसिसचा विषय लवकरच द्यायचाय. 'अमुक तालुक्यात टीबीचं प्रमाण' छापाचं काही करायची इच्छा नाही.

मधुमेह असला की टीबीचा धोका साधारण तिप्पट होतो, हे पुस्तकातलं. ओपीडीत दिसतं ते असं, की औषधं तीच असूनही साखरवाल्यांपैकी बऱ्याच जणांची थुंकी निगेटिव्ह व्हायला वेळ लागतो. प्रतिकारशक्ती कमी पडते म्हणून, की नको तिथे भडकते म्हणून? २०१० साली 'नेचर'मध्ये लंडन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांवरचं काम आलं. सक्रिय टीबीत रक्तातल्या, विशेषतः न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधल्या, इंटरफेरॉनने (संसर्गात पेशी सोडतात ते संदेश-प्रथिन) चालू होणाऱ्या जनुकांची चलती दिसली आणि उपचारांनी ती ओसरली. गॅमा इंटरफेरॉन आपल्या बाजूचा, पण टाइप १ इंटरफेरॉनचा अतिरेक जंतूच्याच पथ्यावर पडत असावा. हे वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही.

घोडं अडलंय लॅबपाशी. जिवंत जंतू वाढवायला बीएसएल-३, म्हणजे कडक सुरक्षेची लॅब, लागते, ती आमच्याकडे नाही. टी-पेशी (प्रतिकारशक्तीतल्या पांढऱ्या पेशी) वेगळ्या करायच्या तर रक्त काही तासांत हाताळावं लागतं. सकाळच्या ओपीडीतली ट्यूब खंबाटकी ओलांडून पुण्यात पोचेपर्यंत तिथले लोक घरी गेलेले असणार. आरएनए (कोणती जनुकं चालू आहेत ते यावरून कळतं) टिकवणाऱ्या ट्यूब चालतील, पण रेसिडेंटच्या स्टायपेंडमध्ये?

बाहेरच्या लॅबबरोबर कुणी थिसिस केलाय का? एथिक्स कमिटी काय काय मागते? आणि पुढे पीएचडी केली तर पेशंट बघणं सुटतं का? आईचं एकच पालुपद, "एमडी झालास की राजारामपुरीत दवाखाना टाक." मला दोन्ही हवंय.

प्रतिसाद १
भावा, पेशी पाठवूच नकोस. इग्राच्या (टीबीच्या संसर्गाची रक्तचाचणी) ट्यूब तुमच्याच मायक्रोबायॉलॉजीत रात्रभर ३७ अंशांवर ठेव, सेंट्रिफ्यूज करून वरचा प्लाझ्मा उणे ८० ला गोठव. गॅमा इंटरफेरॉन मोजून उरलेल्यात बाकीचे सायटोकाइन (इंटरफेरॉनसारखीच संदेश-प्रथिनं) नंतर एकदम बघता येतात. सीबीसीतलं (रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीतलं) मोनोसाइट-लिम्फोसाइट या दोन पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर तर फुकटच मिळतं. रक्त मात्र औषधाच्या पहिल्या डोसआधीच घे. एचआयव्ही आणि स्टेरॉइडवाले वगळ.

एक खाच आहे. टीबीमुळेच काहींची साखर तात्पुरती चढते. सुरुवातीच्या एचबीए१सीवर (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) गट पाडलेस तर फसशील, उपचार संपल्यावर पुन्हा तपास.

पेशंट सुटत नाहीत. घरी राहून घेतलेली औषधं सॅनेटोरियमइतकीच लागू पडतात, हे मद्रासच्या टीबी संशोधन केंद्राने १९५९ मध्ये दाखवलं, ते रुग्णांमध्ये राहूनच. आज तीच संस्था चेन्नईची एनआयआरटी (राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था). त्यांना ईमेल टाक.

धागाकर्ता
साखरेचं लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद. मग नव्याने साखर सापडलेल्यांचा तिसरा गट करू, की सरळ वगळू? गाईड म्हणतात वगळ. मला तोच गट सगळ्यात रंजक वाटतोय.