परसात पाणी ठेवलंय, पण कबुतरंच येतात

प्रश्न: घर गावाच्या कडेला, मागे माळ. कुंपणापाशी प्लास्टिकचा टब आणि शेजारी ज्वारी ठेवतो. बुलबुल, दयाळ यावेत म्हणून काय करावं?

उत्तर १: ज्वारी आधी बंद करा. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, उंदरांमागे धामण, नागही. बुलबुलाला फळं लागतात, दयाळाला किडे. टबही काढा, गुळगुळीत तळावर पाय घसरतात आणि खोल पाण्यात लहान पक्षी उतरत नाहीत. मातीचा पसरट परळ घ्या. कडेला बोटभर, मध्ये दोन इंच पाणी, आत एक खडबडीत दगड.

उत्तर २: आणि जागा! झुडपापासून सहा-सात फूट. चिकटून ठेवलात तर मांजर दबा धरतं, अगदी उघड्यावर ठेवलात तर शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्याच्या भीतीने कोणी उतरत नाही. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतील. काथ्याने घासा, साबण नको.

उत्तर ३: कढीपत्ता फार छाटू नका, त्याची पिकलेली काळी फळं बुलबुल सोडत नाहीत. एका कोपऱ्यात पालापाचोळा राहू द्या, सातभाई तो उलटापालटा करून किडे टिपतात. लिंबोणीच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या अळ्या दिसल्या तर मारू नका. त्या फुलपाखराच्या, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. दोनचार फांद्यांची पानं खातील, खाऊ देत.