माथेरान: आईचा गुडघा आणि झाडीतली सोपी वाट

ठाकुर्ली_स्लो
आई 68 वर्षांची. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. सपाटीवर तासभर चालते, जिने मात्र एकेक करत. तिला माथेरानला जायचंय, पण अटी दोन: घोड्यावर बसणार नाही, आणि पॉइंट मोजत फिरायचं नाही, झाडीतून चालायचं. सोबत सहा वर्षांचा मुलगा. ऑक्टोबरअखेर जायचा विचार आहे. कुठली वाट धरू?

नेरळची_माहेरवाशीण
आईंच्या दोन्ही अटी मला पटल्या!

आधी एक. दस्तुरीला, म्हणजे मोटारींच्या शेवटच्या थांब्याला, गाडी थांबली की पेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर राहतात. तिथे गुडघा खर्ची घालू नका. जवळच अमन लॉज स्टेशन आहे, तिथून मिनी ट्रेनची शटल पकडा. शनिवार-रविवारी रांग असते, त्यामुळे मधला वार बघा.

पेठेतून शार्लोट तलावाकडे चालायला लागा. तलावाशेजारी पिसारनाथाचं देऊळ. लहानपणी बाबा आम्हाला तिथेच न्यायचे. आम्हाला वाटायचं माथेरान म्हणजे पिसारनाथ, बाकी सगळं पाहुण्यांसाठी. देवळापाशी निवांत बसा, मग इको पॉइंटवरून लुईझा पॉइंटकडे जा. जांभूळ, हिरडा, अंजनी अशी दाट झाडी, डोक्यावर ऊन जेमतेम येतं. मोटारी नाहीतच, फक्त घोडा आला की कडेला व्हायचं, आणि दरीच्या नव्हे, डोंगराच्या कडेला. लुईझावरून समोर प्रबळगड दिसतो.

एक लक्षात ठेवा: तलावाकडे जाताना उतार आहे, म्हणजे चढ परतीला येतो. "अजून जाऊ" असं आई म्हणाल्या तरी निम्मा दम राखून फिरा. वाटेत जांभ्याचे सुटे खडे आणि मुळं आहेत, काठी हवीच. आणि पांढरे मोजे नकोत.

सह्यभटक्या
पॅनोरमा पॉइंटचा सूर्योदय सोडू नका. माथेरानला जाऊन तो न बघणं म्हणजे पाप.

नेरळची_माहेरवाशीण
पाप लागू दे माझ्या नावावर. पॅनोरमा पार उत्तर टोकाला आहे, पहाटे अंधारात निघावं लागतं. हा गुडघा तिथे कशाला?

वांगणीकर
माकडांचं कुणी बोललं नाही. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की गेली. खाऊ सॅकमध्ये, चेन बंद. मुलाला सांगून ठेवा, हिसकलं तर सोडून द्यायचं, ओढाओढ नाही. तलावात उतरू देऊ नका, गावाचं पिण्याचं पाणी आहे ते.

ठाकुर्ली_स्लो
मंगळवारी जाऊन आलो. शटलमध्ये जागा मिळाली. पिसारनाथाला आई अर्धा तास बसली, उठायलाच तयार नव्हती. इको पॉइंटवर मुलाने स्वतःच्या शाळेचं नाव ओरडून घेतलं. लुईझाच्या थोडं अलीकडे आई म्हणाली, "पुरे. इथूनही झाडं तीच." तिथूनच फिरलो. चढाला चार वेळा थांबलो, गुडघा दुखला नाही.

चिक्कीचा पुडा माकडाने नेला, तो माझ्या हातातून. मुलगा हसून हसून खाली बसला.

मोज्यांचं सांगितलं होतं, आईने ऐकलं नाही. तीनदा धुतले, अजून तांबडेच आहेत. ती म्हणते, राहू देत.