संग्रहालयात मुलं करून बघतील, पण आईबापांनी काय करायचं?

खटपट्या:
सॅन फ्रान्सिस्कोचं एक्स्प्लोरेटोरियम हे विज्ञान-संग्रहालय १९६९ पासून ‘हात लावा’ म्हणतंय. पिट्सबर्गच्या बालसंग्रहालयात २०११ पासून ‘मेकशॉप’ आहे, म्हणजे स्वतः वस्तू बनवून बघायची जागा. आपल्याकडच्या संग्रहालयांतल्या बहुतेक कार्यशाळांत मुलं आत, पालक बाहेर मोबाईलवर. आत घेतलेच तर बाबा कात्री काढून घेतात आणि मॉडेल स्वतःच पुरं करतात. माझ्या मते दोष बाबांचा नाही, मांडणीचा. गुडघ्याएवढं टेबल, एकच स्टूल, समोर गुळगुळीत तयार नमुना! मग मोठ्या माणसाला ‘चुकलं, असं कर’ म्हणण्यापलीकडे काम काय उरतं? टेबल उंच करा, मुलांना उभं राहायला पाट द्या, चार हात लागल्याशिवाय होणार नाही असं काम ठेवा. नमुने अर्धवट, आणि एकासारखा दुसरा नको.

जुनाट:
साफ असहमत. एक्स्प्लोरेटोरियम सुरूच झालं प्रयोगांवर, जुन्या वस्तूंच्या संग्रहावर नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात लोक दिवे, अडकित्ते, मस्तानी महाल बघायला जातात. तिथे फेविकॉल-पुठ्ठा कशाला? त्यापेक्षा एका अडकित्त्यासमोर पोराला पाच मिनिटं थांबवून दाखवा.

काडेपेटी:
थांबेल की, पण नुसतं ‘बघ’ म्हणून नाही. त्याच कपाटाशेजारी दोन लाकडी पट्ट्या एका टोकाला नट-बोल्टने जोडून ठेवा, सोबत सुपारीऐवजी खडू. खडू बोल्टजवळ धरला की कट्कन तुटतो, मुठीकडे सरकवला की हात दुखतात. मग काचेआड बघा: सुपारी सांध्यालगतच का धरायची आणि दांडे लांब का, हे पोरगं आपणहून सांगेल. आणि इथे आजीला ‘मदत करा’ सांगावं लागत नाही. (अडकित्त्याचा आकार घोड्याचा का, पोपटाचा का, हेही तिलाच विचारतील.) खर्चाचं म्हणाल तर टाकाऊतून विज्ञान-खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबवर भूमिती शिकवली.

जुनाट:
पट्ट्या-खडू मान्य, कारण ते अडकित्त्याबद्दल आहे. आकाशकंदिलासारख्या, संग्रहातल्या वस्तूंशी संबंध नसलेल्या कार्यशाळांना विरोध कायम! पण खडूची भुकटी कपाटात जाणार नाही याची हमी कोण देणार? शिवाय टेबलाशी माणूस लागतो, तोही शिकवायची खुमखुमी नसलेला. सुरक्षारक्षकाच्या गळ्यात हे मारणार असाल तर राहू द्या.

खटपट्या:
भुकटीचा मुद्दा बरोबर. मग खडूऐवजी कच्च्या शेवयांची जाड जुडी. माणसाचं मात्र बजेटमध्येच धरावं लागेल, टेबलाच्या आधी.