रात्री पिंजऱ्यातून हॅमस्टर निसटली, घरात शोधायची कशी?

रात्रपाळी
सीरियन हॅमस्टर, मादी, पूर्ण वाढलेली. काल रात्री पिंजऱ्याचं वर सरकणारं दार ढकलून बाहेर पडली. दुसऱ्या मजल्यावरचा टूबीएचके फ्लॅट. हॉल आणि किचनच्या मध्ये दार नाही. मुख्य दार बंदच होतं, पण त्याच्या खाली बोटभर फट आहे. सकाळी सोफा सरकवून पाहिला, दिवाण उघडून पाहिला, काही नाही. सिंकखाली उंदरांसाठी चिकट पॅड होतं, ते उचललं. आज रात्री नेमकं काय करायचं? मैदा पसरतात म्हणे, त्याचा उपयोग होतो का? आणि उंदराचा पिंजरा लावला तर चालेल का?

कुरतडकाका
पॅड उचललंत, उत्तम. आता फर्निचर सरकवणं थांबवा. दिवसा ती कुठेतरी गाढ झोपलेली असणार. सोफा ओढलात तर एक तर ती आणखी आत जाईल, नाही तर पायाखाली चिरडेल. दिवसभरात करायचं काम वेगळं आहे: घर बंदिस्त करणं.

आधी मुख्य दार. डोकं जिथून जातं तिथून हॅमस्टरचं अंगही जातं, म्हणून दीड सेंमीच्या वरची प्रत्येक फट उघडीच समजा. जुना टॉवेल घट्ट गुंडाळून दाराच्या खाली खुपसा, बाहेरून नाही, आतून. बाल्कनीत पाणी जायला भोक असतं, त्यावर जाळी नसेल तर वीट ठेवा. बाथरूममधल्या भरलेल्या बादल्या आणि टब रिकामे करा, कमोडचं झाकण पाडा, मोरीची जाळी जागेवर आहे ना ते बघा. पाण्यात पडलेल्या हॅमस्टरला बादलीच्या गुळगुळीत भिंतीवरून वर येता येत नाही.

घरात उंदीर मारायचा केक किंवा औषध कुठे टाकलेलं असेल तर तेही आत्ताच उचला. त्यातल्या ब्रोमाडिओलोनचा परिणाम लगेच दिसत नाही, रक्तस्राव काही दिवसांनी सुरू होतो. त्यामुळे खाल्ल्याची नुसती शंका असली तरी त्याच दिवशी व्हेटकडे न्या, तेव्हा व्हिटॅमिन के देऊन वाचवता येतं. झुरळांचा खडू, डांबरगोळ्या, हेही उचला.

मग प्रत्येक खोलीचं दार लावून फटी बुजवा आणि रात्री झोपताना प्रत्येक खोलीत भिंतीच्या कडेला सूर्यफुलाच्या दहा-दहा बिया मोजून ठेवा. सालासकट. सोललेले शेंगदाणे ठेवू नका, ते मुंग्या नेतात आणि सकाळी हिशोब लागत नाही. बियांखाली चुरचुरणारा प्लॅस्टिक कागद किंवा फॉइल अंथरा, म्हणजे रात्री आवाजही येईल. हॅमस्टर बिया जागेवर खात बसत नाही, गालांत भरून घेऊन जाते. दहाच्या दहा गायब आणि सालंही नाहीत, तर खोली सापडली.

ही पायरी सोडून लोक थेट सापळे लावायला धावतात आणि चुकीच्या खोलीत आठवडा घालवतात.

हॉल-किचन तुमच्याकडे एकच आहे, तर दोन्हीकडे वेगवेगळे ढीग ठेवा. मधल्या जागेत कणीक चाळणीने अगदी पातळ, वीतभर रुंदीचा पट्टा पसरा. मैदाही चालतो. जाड थर टाकला तर पावलं उमटत नाहीत, नुसती धूळधाण होते. लहान पावलांच्या मधून शेपटीची बारीक रेघ गेलेली दिसली तर पाहुणा उंदीर आहे. हॅमस्टरची शेपटी बोटाच्या पेरापेक्षा आखूड असते, जमिनीला लागत नाही. रांगोळी मात्र वापरू नका, ती दगडाची भुकटी असते, नाकातोंडात जाते.

तिसरी_खोली
टाल्कम पावडरवर ठसे छान उमटतात. आणि उंदराचा पिंजरा लावला तर काय बिघडतं? आत शेंगदाणा लावला की येईलच.

कुरतडकाका
टाल्कमची धूळ बसायला वेळ लागतो, आणि हॅमस्टर जमिनीला नाक लावूनच चालते. कणीक घरात आहेच, तीच वापरा.

पिंजऱ्याचं म्हणाल तर, आपल्याकडच्या तारेच्या पिंजऱ्याचं दार स्प्रिंगवर आपटतं. उंदीर आत शिरून आमिष ओढतो तेव्हा दार त्याच्या मागे पडतं. सीरियन अंगाने जाड, शंभर-दीडशे ग्रॅमची. अर्धी बाहेर असताना हूक हलला तर दार पाठीवर बसतं. वापरायचाच तर आतली लांबी किमान ३० सेंमीची हवी, आमिष शेवटच्या टोकाला हवं आणि दाराच्या धारेला फोमची पट्टी चिकटवलेली हवी. शिवाय दर दोन तासांनी बघायला उठायचं. कोंडलेली हॅमस्टर तारा कुरतडते आणि दातच तुटतात.

यापेक्षा बादली सरस. पंधरा-वीस लिटरची साधी प्लॅस्टिकची, आतून गुळगुळीत, निदान ३० सेंमी उंच. आतून पट्टे उठलेली नको, आणि कोरडी पुसून घ्या.

तळाशी पिंजऱ्यातलंच जुनं बेडिंग, म्हणजे तिच्याखाली अंथरलेला भुसा किंवा कागद, घाला, चार-पाच सेंमी थर. धुतलेलं किंवा नवं नको, तिचा स्वतःचा वास हवा. वर टिश्यू पेपरचे तुकडे टाका. कापडाच्या चिंध्या टाकू नका, सुटलेला दोरा पायाला गुंडाळतो. बादली हॉलच्या मधोमध ठेवून उपयोग नाही. या प्राण्याची नजर अधू, तो मिशा भिंतीला घासत कडेकडेने चालतो. म्हणून भिंतीला टेकवून, कोपऱ्यात ठेवा, म्हणजे कलंडणारही नाही. बादलीची कडी बाहेरच्या बाजूला पाडा.

चढायला पुस्तकांच्या पायऱ्या करा, प्रत्येक पायरी चार-पाच सेंमीची, किंवा पुठ्ठ्याची उतरंड लावून त्यावर जुना मोजा चढवा, नुसत्या पुठ्ठ्यावरून पाय घसरतात. शेवटचं टोक काठाच्या आत दोन बोटं यायला हवं. काठाला चिकटून थांबलं तर ती वरून वास घेते आणि परत फिरते. आमिषाला काकडीच्या चकत्या आणि मीठ न लावलेले भाजलेले शेंगदाणे. पायऱ्यांवर शेंगदाण्याचा एकेक कण, मुख्य खाऊ तळाशी. पायऱ्यांवरच पोटभर ठेवलात तर ती गाल भरून तिथूनच परत जाईल. पीनट बटर लावायचं तर नखभर, तेही पातळ, कारण गोळा गालात चिकटून बसतो.

आणि मूळ पिंजरा? तोही जमिनीवर, दार उघडं, भिंतीलगत ठेवा. बऱ्याच हॅमस्टर आपल्या आपण घरी येतात. शेजारी बाटलीच्या झाकणात पाणी ठेवा, बाटली नको.

सुतारपक्षी
किचनबद्दल थोडं. तुमच्याकडे ओट्याखाली ट्रॉल्या असतील तर त्या ढकलू-ओढू नका. चॅनल, म्हणजे ट्रॉली ज्यावर सरकते ती पट्टी, आणि भिंतीमध्ये बोटभर जागा असते, हॅमस्टर तिथेच बसते आणि ट्रॉली आत लोटली की दबते. खाऊ काढायचा असेल तर अगदी हळू, पूर्ण बाहेर ओढा. पूर्ण काढून ठेवायची तर दोन्ही बाजूंच्या चॅनलवर काळी प्लॅस्टिकची पट्टी असते. एका बाजूची वर दाबायची, दुसऱ्या बाजूची खाली, आणि ट्रॉली सरळ उचलून घ्यायची. दोन्ही वरच दाबत बसलात तर ती हलणार नाही.

ओट्याखाली समोरून जी फळी बसवतात, ती बहुतेक वेळा नुसती क्लिपवर असते. वरच्या कडेत सुरी घालून ओढली की निघते. पण सगळ्या एकदम काढू नका. एक काढा, आत मोबाईलचा कॅमेरा घालून व्हिडिओ घ्या, मग स्क्रीनवर बघा. डोकं जमिनीला लावून बघण्यापेक्षा बरं. घरटं असेल तर टिश्यूचा कुस्करलेला गोळा, टरफलं आणि एका कोपऱ्यात साठवलेला खाऊ दिसतो.

फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरजवळ ऊब असते, थंडीत हमखास तिथे. फ्रिज ओढायच्या आधी स्विच बंद करा आणि मागून टॉर्च मारा. खालच्या ट्रेमध्ये पाणी साठतं, तिथेही बघा. वॉशिंग मशीन सापडेपर्यंत चालवू नका, टॉपलोडच्या तळाला जाळी नसते अशी मशीन खूप आहेत. सोफ्याच्या खालचं काळं कापड कुठे फाटलंय का बघा, आत शिरली तर स्प्रिंगांत बसते. रिक्लायनर किंवा सोफा-कम-बेड असेल तर तो उघड-मिट करायचा नाही.

रात्री साडेदहा-अकराला सगळे दिवे, पंखे, टीव्ही बंद करून पंधरा मिनिटं नुसतं बसा. कुरतडण्याचा आवाज कोरड्या लाकडावर अगदी स्पष्ट येतो.

रात्रपाळी
धन्यवाद. अपडेट: सकाळी बेडरूमच्या दोन्ही ढिगांत दहा-दहा बिया जशाच्या तशा. हॉलमध्येही तशाच. किचनमध्ये सिंकशेजारचा ढीग पूर्ण गायब, सालं नाहीत. कणकेवर पावलं आहेत, शेपटीची रेघ नाही. पहाटे चॅनलकडून खुडबुड ऐकू आली. बादलीत काही नाही, पण ती हॉलमध्ये होती. आज बादली किचनमध्ये कुठे ठेवू? आणि समोर आलीच तर पकडू कशी?

कुरतडकाका
म्हणजे काम निम्म्याहून जास्त झालं. हॉलच्या बाजूला पुठ्ठा उभा करून किचन वेगळं करा. ३० सेंमी उंच पुरेल, खालची कड चिकटपट्टीने जमिनीला लावा. बादली सिंकच्या बाजूच्या भिंतीला, जिथे ढीग गेला तिथून हातभर अंतरावर. आज बाकी कुठेही खाऊ ठेवायचा नाही, ओट्यावरचं पीठ-मीठ-फळं सगळं बंद डब्यात. तिला दुसरं काही मिळालं तर ती बादलीकडे फिरकणार नाही.

समोर आली तर हाताने झडप घालू नका. जमिनीवर बसा. एक मोठा मग किंवा उभा डबा आडवा करून भिंतीला टेकवा, तोंड तिच्याकडे, आणि मागून पुठ्ठ्याने हळूहळू लोटत न्या. अंधाऱ्या भोकात ती आपण होऊन शिरते. शिरली की पुठ्ठ्यानेच तोंड झाका. फटीत पाय किंवा मागचं अंग दिसलं तर ओढायचं नाही, पाय मोडतो. अशा वेळी जास्त खाऊ समोर ठेवून थांबा.

हातात घेतल्यावर बघायचं ते: चारही पाय टेकतेय का, दोन्ही बाजूंचे पुढचे दात जागेवर आहेत का, नाकावर वा शेपटीखाली ओल आहे का. चिकट पॅडचा डिंक लागला असेल तर उघड्या डिंकावर आधी कणीक भुरभुरवा, म्हणजे आणखी काही चिकटणार नाही. मग खायचं तेल बोटाने चोळून हळूहळू सोडवा. रॉकेल, थिनर अजिबात नको. अंगाला पाण्याने आंघोळ घालू नका, मळ निघायला कोरडी वाळू पुरते.

थंडीच्या पहाटे गार पडलेली, लाकडासारखी हॅमस्टर सापडली तर ती मेली असं ठरवू नका. थंडीत ती सुप्तावस्थेत जाते, श्वास मिनिटाला मोजके येतात, मिशा किंचित हलतात. दोन्ही ओंजळीत धरून अर्धा-एक तास ऊब द्या, हेअर ड्रायर किंवा गरम पाणी नको. हललीच तर थोडं पाणी, आणि व्हेट.

सुतारपक्षी
आणि परत आत टाकण्याआधी ते दार. वर सरकणारी दारं या प्राण्याला नाकाने उचलता येतात. त्यावर एक बाइंडर क्लिप लावा, २५ मिमीची पुरते, किंवा केबल टायने कायमचं बांधून वरचं दार वापरा. दोन गजांमधलं अंतर सीरियनला १ सेंमीपेक्षा जास्त नको, छोट्या ड्वार्फ जातीच्या हॅमस्टरला ६-७ मिमी. तळाच्या ट्रेच्या कोपऱ्यावर दातांचे पांढरे ओरखडे दिसले तर ती तिथूनच पुढच्या वेळी निघणार, तिथे आतून स्टीलची पट्टी बसवा. पाण्याची बाटली आतल्या बाजूला लटकवलेली असेल तर ती शिडी होते, ती बाहेरून लावा. पिंजऱ्याचा तळ किमान १०० × ५० सेंमी आणि बेडिंग वीतभर खोल असेल तर गज चावत बसण्याचं प्रमाण बरंच कमी होतं.